हॉटस्पॉटवरचा डाव मध्येच का तुटतो?



दिवाळीच्या सुट्टीनंतर गुरुजींनी शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेशी ऑनलाइन बुद्धिबळाचा सामना ठरवला होता, हे आपणांस ठाऊकच आहे. ज्याने त्याने आपापल्या घरून खेळायचे होते. माझ्याकडे शाळेचा टॅब आणि आबांच्या फोनचा हॉटस्पॉट. डाव बरोबरीत चालला होता, माझ्या घड्याळात चार मिनिटे होती, आणि नेट गेले! परत आले तोवर वेळ संपून मी हरलो होतो. एवढ्यावर भागले असते तर ठीक. पण समोरचा मुलगा सगळ्यांना सांगत सुटला, "हरायला लागला म्हणून ह्यानं मुद्दाम नेट बंद केलं." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

गुरुजी म्हणाले, "चिडून काय हुतंय? कारण शोध." मग आठ दिवस तोच उद्योग केला. त्यांनी मला एक गोष्टही सांगितली. सन २०२० मध्ये करोनामुळे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड ऑनलाइन झाले. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना चालू असताना आपला निहाल सरीन व नागपूरची दिव्या देशमुख यांचे नेट तुटले आणि दोघेही वेळ संपून हरले. त्या दिवशी जगात पुष्कळ ठिकाणी इंटरनेट बिघडले होते, म्हणून शेवटी भारत व रशिया दोघांनाही सुवर्णपदक दिले. तीच दिव्या २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. पण मला कोण पदक देणार? आपली दुरुस्ती आपणच केली पाहिजे.

आता मुद्द्याचे. शेतात मोटर सुरू केली की पाणी लगेच सरीत येत नाही, थोडा वेळ लागतो. खेळातही आपली चाल जाऊन उत्तर यायला वेळ लागतो, त्याला पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदांत मोजतात. १००० मिलिसेकंद म्हणजे १ सेकंद. नेटचा वेग म्हणजे पाइप किती मोठा, ही गोष्ट निराळी. पिक्चर बघायला पाइप मोठा लागतो. खेळाला पाणी तांब्याभरच पुरते, पण ते वेळेवर आणि न थांबता आले पाहिजे. आमच्या गल्लीतले दादालोक बंदुकीचा खेळ खेळतात, त्यांना तर पिंग वाढला की आपण गोळी झाडायच्या आधी आपणच पडलेलो दिसतो.

मला वाटायचे, मुंबई लांब म्हणून उशीर होत असेल. तसे नाही. जमिनीखालच्या काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. कोल्हापूर ते मुंबई सुमारे ४०० किलोमीटर धरले, तर जाऊन येऊन ४ मिलिसेकंद! खरा घोळ हवेतल्या दोन टप्प्यांत आहे. एक टॉवर ते फोन, दुसरा फोन ते टॅब.

आमचे गाव पन्हाळ्याच्या पलीकडे डोंगराच्या पोटात. आमच्या घराला जांभ्याच्या जाड भिंती आणि वर पत्रा. पत्रा लहरी अडवतो. मी माजघरात बसायचो आणि फोन मांडीवर घ्यायचो. वहीत पिंग लिहून ठेवला तर तिथे कधी १५०, कधी ४००, मध्येच काहीच नाही. फोन टॉवरकडच्या खिडकीत ठेवला, मी होतो तिथेच बसलो, तर ६० ते ७०. म्हणजे जागा खेळणाऱ्याची नव्हे, फोनची बदलायची! एवढी साधी गोष्ट घरात कुणाला सुचली नव्हती. आजी तर म्हणाली, "तरी म्हटलं, पोरगं फोन उबवत का बसतंय?"

फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाच नंबरचा वेगवान, पण भिंतीपलीकडे दमतो. म्हणून एकाच खोलीत असाल तर ५, मध्ये भिंत असेल तर २.४. शाळेतल्या संगणकाला मात्र फोन सरळ वायरनेच जोडावा, म्हणजे एक हवेतला टप्पाच वाचतो.

दुसरा चोर घरातलाच निघाला. ताई त्याच हॉटस्पॉटवर रील बघत होती. शिवाय आबांचा फोन गुपचूप ॲप अपडेट करत होता आणि फोटो वर चढवत होता. आता हॉटस्पॉटवर एकच यंत्र चालेल असे करून ठेवले आहे. (ताई दोन दिवस बोलली नाही.) चार्जिंगला लावून उन्हात ठेवलेला फोनही तापून मंद होतो. खिडकीत ठेवताना सावली बघावी, कव्हर काढावे. बॅटरी वाचवायचे बटण बंद ठेवावे, ते मध्येच हॉटस्पॉट आवरते घेऊ शकते. संध्याकाळी सात-आठला पट्ट्या भरलेल्या दिसल्या तरी नेट अडते, कारण अख्खे गाव त्याच टॉवरवर असते. सकाळी तसे होत नाही.

आणि त्या दिवशी डाव कशाने तुटला? शेवटी तेही सापडले. ऊसतोडीच्या मुकादमाचा फोन आला होता! आमच्याकडे कॉल आला की फोन जुन्या २जीवर उतरतो, आणि बोलणे संपेपर्यंत नेट बंद. ज्यांच्या फोनमध्ये कॉल ४जीवरूनच चालतो, त्यांना ही अडचण नाही. तशी सोय आबांच्या फोनमध्येही होती, फक्त सेटिंगमध्ये बंद होती. ती मी चालू केली आणि शेजारच्या काकांना कॉल करायला लावून पाहिले. बोलणे चालू असताना टॅबवरचा डावही चालूच राहिला.

येत्या शनिवारी सकाळी १० वाजता त्याच शाळेशी परत सामना आहे. आपल्या बाजूने चौघे खेळणार. त्यांच्या पालकांनी तेवढा एक तास फोन खिडकीत ठेवून द्यावा, ही विनंती. आबांनी तर मुकादमाला आधीच सांगून टाकलंय, "शनवारी अकराच्या आत फोन करू नगोस, पोराचा डाव हाय."

— इयत्ता सातवी