छातीवरच्या पट्टीत मावलेला कायदा

पोलिसाच्या खाकी शर्टावर, खिशाच्या वर, नावाची एक छोटी पट्टी असते. मार्च २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातल्या पोलिसांच्या पट्टीवरून आडनाव गेलं आणि फक्त पहिलं नाव उरलं. टेबलांवरच्या पाट्याही तशाच बदलल्या. त्याआधी जानेवारीतच जिल्हा पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी आपल्या माणसांना सांगितलं होतं, की एकमेकांना आडनावानं हाक मारू नका, नावानं मारा.

बातमी चार ओळींची होती. पण ही पट्टी जरा निरखून पाहिली की थक्क व्हायला होतं. पोलिसाला जाब कसा विचारायचा, या प्रश्नाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास तिच्यात दाटीवाटीनं बसला आहे. शिवाय एक कोडंही आहे: पोलिसाची ओळख लोकांना उघड दिसायला हवी आणि तिचाच एक भाग झाकलेला हवा.

हे कोडं बीडमध्येच का सोडवावं लागलं? ऑक्टोबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागलं, तेव्हा बीड आणि माजलगावात लोकप्रतिनिधींची घरं पेटवली गेली. पुढच्या वर्षीची लोकसभा निवडणूक मराठा आणि वंजारी समाजांतल्या ताणाच्या सावटाखाली झाली. मग ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून करण्यात आला. महाराष्ट्र हादरला. स्थानिक पोलिसांच्या वागण्यावर प्रश्न उठले, तेव्हाच्या पोलीस अधीक्षकांची बदली झाली, तपास सीआयडीकडे आणि पुढे विशेष तपास पथकाकडे गेला. त्या दिवसांत लोक एक प्रश्न उघडपणे विचारू लागले: ठाण्यात बसलेला साहेब कोणाचा?

हा प्रश्न विचारणाऱ्याची नजर आधी पट्टीवरच जाते. तिथलं आडनाव वाचून तो मनाशी हिशेब मांडतो: आपला माणूस की त्यांचा, तक्रार सांगावी की गुपचूप घरी जावं. नवल असं, की हा हिशेब बऱ्याचदा कच्चा असतो. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही मुळात वतनांची नावं. पाटील तर अनेक जातींत सापडतात. जाधव, पवार, मोरे, गायकवाड मराठ्यांत आहेत, दलितांत आहेत आणि यांतली काही भटक्या-विमुक्तांतही आहेत. म्हणून तर आपल्याकडे आडनाव कळल्यावरही चौकशी थांबत नाही. ‘कोणते पवार?’ ‘गाव कुठलं?’ असे प्रश्न मागोमाग येतातच. आडनाव जात नक्की सांगत नाही, तरी अंदाज बांधायला पुरतं. आणि अन्याय व्हायला तेवढा अंदाज पुरेसा असतो.

हे मोजूनही पाहिलं गेलं आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना साडेचार हजारांहून जास्त अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. २००७ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दलित वाटणाऱ्या नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश होती, तर मुस्लिम नावाला जेमतेम एक तृतीयांश. अर्ज वाचणाऱ्यांनी त्या उमेदवारांचा चेहराही पाहिलेला नव्हता.

मग सगळं नावच काढून टाकलं तर? तिथे कायदा आडवा येतो, आणि ते फार चांगलं आहे. २६ ऑगस्ट १९८६ रोजी पश्चिम बंगालच्या विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या पाहून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयानं ते पत्रच याचिका मानलं. दहा वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, निकाल आला आणि अटकेसाठी ११ नियम घालून दिले गेले. त्यांतला पहिलाच नियम पट्टीचा: अटक आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा अचूक, स्पष्ट आणि सहज दिसेल असा हवा. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६ अटक करणाऱ्या पोलिसावर हीच जबाबदारी टाकतं. कोठडीत काय घडतं, हे बाहेर कोणाला दिसत नाही. तिथे हात उगारणारा माणूस कोण होता, हे सांगता आलं तरच पुढचा न्याय शक्य होतो. बिननावाच्या वर्दीवर खटला चालवता येत नाही.

म्हणजे आडनाव पूर्वग्रह जागवतं आणि नाव नसेल तर जबाबदारी हरवते. यातून वाट काढणारी वस्तू पोलिसांकडे फार पूर्वीपासून आहे: बक्कल नंबर. २९ सप्टेंबर १८२९ रोजी लंडनच्या रस्त्यांवर रॉबर्ट पील यांचे नवे पोलीस उतरले, तेव्हा त्यांच्या कॉलरवर विभागाचं अक्षर आणि नंबर होता. आपल्याकडे शिपायाचा नंबर कमरेच्या पट्ट्याच्या बकलाशी जोडला गेला. कागदोपत्री आजही हवालदाराच्या नावापुढे तो लिहिला जातो. एका जिल्ह्यात एकाच नावाचे कितीतरी पोलीस असतील, नंबर मात्र प्रत्येकाचा वेगळा. नंबराला जात नाही, गाव नाही, सोयरेधायरे नाहीत, आणि तरीही तो नेमक्या एकाच माणसाकडे बोट दाखवतो. दोन्ही अटी पुऱ्या करणारी इतकी साधी गोष्ट आपल्यासमोर होती आणि तिचं मोल आपण ओळखलं नाही.

पण इथेच एक उलटं वळण आहे. जात सगळीकडून पुसायची म्हटलं, तर दुसराच अन्याय होतो. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवताना पीडिताची जात लिहावीच लागते. त्या नोंदीवरच त्याचं संरक्षण उभं असतं. अशा गुन्ह्याचा तपासही सर्वसाधारणपणे पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. अलाहाबाद उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये पोलिसांच्या कागदपत्रांतून आरोपींची जात वगळायला सांगितलं, तेव्हाही अत्याचार कायद्याची प्रकरणं त्यातून वेगळी ठेवली गेली. मला यातून एक नियम दिसतो. जिथे जात सत्तेच्या हातातलं हत्यार होऊ शकते, तिथे ती झाकावी. जिथे जात हीच जखम आहे, तिथे ती ठळक नोंदवावी.

एका पट्टीनं एवढं साधेल का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोतल्या दीड हजारांहून जास्त नागरिकांच्या मुलाखती घेतल्या. शिक्षेच्या भीतीपेक्षा व्यवस्था न्यायानं वागते हा विश्वास लोकांना कायदा पाळायला जास्त प्रवृत्त करतो, असं त्यांना आढळलं. निकाल विरोधात गेला तरी आपलं ऐकून घेतलं, सगळ्यांना एकच माप लावलं, एवढं जाणवलं की माणूस तो निकाल मानतो. पट्टीचं बळ नेमकं इथे आहे. कारखान्याहून परतलेला ऊसतोड कामगार ठाण्याची पायरी चढतो, तेव्हा हिशेब मांडायला त्याच्यासमोर आडनाव नसतं. तो बोलायला सुरुवात करतो.

त्यानं बोललेलं लिहून घेतलं गेलं का, हे मात्र पट्टी सांगू शकत नाही. शिवाय पट्टी एकाच बाजूनं झाकते. पोलीस तक्रारदाराचं पूर्ण नाव विचारतोच. म्हणून तिच्या मागे बाकीची यंत्रणा उभी लागते. सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणं नेमायला सांगितली; महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून राज्य आणि विभागीय पातळीवर तशी तरतूद केली. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे सीसीटीव्ही बसवायला सांगितले. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घेतली की तिची प्रत फुकट द्यावी लागते. ठाण्यानं नोंदवायला नकार दिला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार लेखी स्वरूपात थेट पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. अशा तक्रारीत ‘एका पोलिसानं नकार दिला’ असं लिहिण्यापेक्षा तारीख, वेळ आणि बक्कल नंबर लिहिला, तर ती झटकून टाकणं फार अवघड होतं.

बीडचा हा प्रयोग बाकीच्या ३५ जिल्ह्यांनी उचलावा असं मला मनापासून वाटतं, पण एक भर घालून. पहिल्या नावाखाली नंबर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत असावा, आणि तक्रार प्राधिकरणाचा पत्ता ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर. साहेब कोणाचा, या प्रश्नाला मग एकच उत्तर उरेल: जो तक्रार घेऊन समोर उभा आहे, त्याचा.