हिणवलेल्या कलेचे दप्तर

राजमान्यता पावलेल्या कलांना इतिहासकारांची वाण पडत नाही. ज्या कलेकडे पाहून प्रतिष्ठितांनी नाक मुरडले, तिचा इतिहास मात्र कोणी राखावयाचा? अमेरिकेतील ‘बर्लेस्क’ या रंगप्रकाराच्या वाट्याला आलेले उत्तर विचारात घेण्याजोगे आहे.

बर्लेस्क म्हणजे मूलतः विडंबन. १८६८ साली लिडिया थॉम्प्सन ही इंग्लिश नटी आपली मंडळी घेऊन न्यूयॉर्कला आली. ग्रीक पुराणकथांची थट्टा, शाब्दिक कोट्या, गाणी आणि पुरुषी भूमिका करणाऱ्या स्त्रिया असा तो खेळ होता. प्रेक्षक लोटले, तशी टीकेची झोडही उठली. पुढे विडंबन मागे पडून विनोदी प्रवेश आणि एकेक वस्त्र उतरविणारे नृत्य यांना प्राधान्य आले. ॲबट आणि कॉस्टेलो ही विनोदी जोडी याच रंगमंचावर घडली. १९३७ मध्ये महापौर ला गार्डिया यांच्या कारकीर्दीत न्यूयॉर्कमधील बर्लेस्क नाट्यगृहांचे परवाने नाकारण्यात आले. एवढेच नव्हे, तर पाटीवर तो शब्द लिहिण्यासही मनाई झाली.

शब्द पुसला की इतिहासही पुसला जातो, ही सत्तेची समजूत एका नर्तकीने खोटी ठरविली. १९५५ मध्ये नर्तकींची संघटना उभारून मोबदल्याचा प्रश्न हाती घेणाऱ्या जेनी ली यांनी छायाचित्रे, पोशाख आणि इतर वस्तू हौसेने जमविल्या. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, हेलेनडेल येथील शेळीपालनाच्या एका जुन्या वाडीत, त्यांचे संग्रहालय करण्याचा त्यांचा मानस होता. १९९० मध्ये त्या निवर्तल्या. त्यांची मैत्रीण डिक्सी इव्हान्स हिने ते कार्य शिरावर घेतले आणि त्या आडवाटेकडे लोकांची पावले वळावीत म्हणून वार्षिक स्पर्धा भरविली. आज तो संग्रह लास व्हेगास येथे आहे.

या व्यवसायात स्त्रीचे शोषण होते, हा आक्षेप निराधार नाही. परंतु शोषणाचा निवाडा करावयाचा तरी पुरावा हवाच. आणि तो केवळ परवाना-खात्याच्या कागदांतून व टीकाकारांच्या लेखांतून घेतला, तर प्रतिवादीला न ऐकताच निकाल दिल्यासारखे होईल. अशा हौशी संग्रहाला विद्वानांनी भाबडा छंद म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. तथापि, विद्यापीठे या विषयाकडे वळण्यापूर्वी ट्रंकांतून जे वाचले, ते या छंदामुळेच वाचले, याचा विसर पडू नये.