मुलाच्या हातात स्टिअरिंग, विमा वडिलांच्या नावावर

घरातला मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की शिकाऊ परवान्याची घाई सुरू होते. आरटीओची संगणकावरची परीक्षा पास झाली, की त्याच आठवड्यात अब्बांच्या गाडीची चावी मागितली जाते. अशा वेळी पालक हमखास एक प्रश्न विचारतात. नवशिका मुलगा गाडी चालवणार, मग विम्याचा हप्ता वाढेल का?

सहसा वाढत नाही. आपल्याकडे मोटार विमा काढला जातो तो गाडीचा. दुसऱ्याला झालेल्या इजेची, मृत्यूची किंवा नुकसानीची भरपाई देणारा थर्ड पार्टी विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, आणि त्याचे दर सरकारच ठरवून देते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढच्या इंजिनाला ७,८९७ रुपये लागतात. वर १८ टक्के जीएसटी. गाडी साठ वर्षांचे आजोबा चालवोत की अठरा वर्षांचा नातू, या रकमेत एका रुपयाचा फरक पडत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो वेगळा हप्ता असतो, तोही मुख्यतः गाडीची किंमत, तिचं वय आणि शहर पाहून ठरतो.

रत्नागिरी-रायगडची कितीतरी कोकणी कुटुंबं इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत. त्यांच्याशी फोनवर बोलताना हा विषय काढून पाहा. तिथे सतराव्या वर्षी गाडी शिकता येते, पण विमा कंपनी चालवणाऱ्याचं वय, राहण्याचा पत्ता, कामधंदा सगळं विचारते. नुकताच परवाना मिळालेल्या पोराचा वर्षाचा हप्ता अनेकदा हजार पौंडांच्या पुढे जातो, कधी कधी जुन्या गाडीच्या किमतीइतका. म्हणून काही पालक गाडी मुख्यतः आपणच चालवतो असं लिहून देतात आणि मुलाचं नाव नुसतं जोडतात. तिथे याला 'फ्रंटिंग' म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते. उघडकीस आली की दावा नामंजूर होऊ शकतो.

आपल्याकडे हप्ता वाचवायला असं खोटं लिहून देण्याची गरजच पडत नाही. आपल्याकडचा मोह येतो तो अपघातानंतर.

पॉलिसीच्या कागदात चालकाबद्दल एक कलम असतं. ते बहुतेक घरांत कुणी वाचलेलं नसतं. गाडी चालवणाऱ्याकडे वैध परवाना हवा, असं ते म्हणतं. शिकाऊ परवानाही चालतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला तिसरा नियम पाळलेला असला पाहिजे. तो नियम सांगतो, की शिकणाऱ्याबरोबर पक्का परवाना असलेला माणूस गाडीत हवा आणि गाडीवर ताबा मिळवता येईल किंवा ती थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. म्हणजे मागच्या सीटवर तस्बीह घेऊन बसलेले दादाजान या हिशोबात धरले जात नाहीत. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात 'एल' हे इंग्रजी अक्षर हवं. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. दुचाकीवर शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याखेरीज कुणालाच मागे बसवायचं नसतं, लहान बहिणीलाही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे, असं स्पष्ट केलं. त्यामुळे नियम पाळून शिकणाऱ्याच्या हातून अपघात झाला, तर केवळ 'परवाना शिकाऊ होता' एवढ्या कारणावर विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत. पण मुलगा चार मित्रांना घेऊन एकटाच वलीम्याला निघाला आणि वाटेत कुणाला धडकला, तर गोष्ट वेगळी. आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा नाकारला जाऊ शकतो. जखमी माणसाला न्यायाधिकरण बहुधा कंपनीकडून पैसे द्यायला लावतं, पण कंपनीला ते गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देतं. मृत्यूच्या भरपाईला कायद्यात वरची मर्यादा नाही. घरातला कमावता माणूस गेला असेल तर ती लाखोंत जाते. आणि पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची असेल, तर गाडीत बसलेल्या त्या मित्रांची भरपाईसुद्धा सहसा कंपनीवर येत नाही.

अठराच्या आतल्या मुलांबाबत तर कायदा फारच कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला चालते ती फक्त ५० सीसीच्या आतली बिनगिअरची दुचाकी, तीही परवाना काढून. ट्यूशनला जाणारी मुलं ज्या स्कूटर पळवतात त्या साधारण ११० सीसीच्या असतात. गल्लीतल्या गल्लीत जातो, एवढं काय, असं म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

मग अपघात होतो, आणि पोलीस यायच्या आत घरातलं कुणीतरी म्हणतं, 'सांग, अब्बा चालवत होते.' किंवा चाचा, किंवा पगारी ड्रायव्हर. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या प्रकरणात ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचा आणि रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. आपली घरं तेवढी श्रीमंत नाहीत, पण असं सुचवणारा माणूस आपल्याही घरात असतो आणि तो प्रेमापोटीच बोलत असतो. विम्याचा सर्वेक्षक आणि तपासनीस मात्र चौकातला कॅमेरा पाहतो, दवाखान्याचे कागद मागतो, मोबाईल कुठे होता ते तपासतो. स्टिअरिंगची जखम कुणाच्या छातीवर आहे हेही कळतं. खोटं निघालं तर दावा जातो आणि फसवणुकीचा गुन्हा वर येतो.

हे नुसतं कायद्याच्या भीतीने सांगायचं नाही. सूरह निसामध्ये स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात गेली तरी साक्ष खरीच देण्याचा हुकूम आहे. जखमी माणसाची भरपाई हा हुकूकुल इबादचा, बंद्यांच्या हक्काचा मामला आहे. चुकीच्या जबाबामुळे तो दावा वर्षानुवर्षं लटकला, तर त्या घरातल्या मुलांच्या शाळेच्या फीचं उत्तर आपल्याला द्यावं लागेल.

विमाच जायज आहे का, असाही प्रश्न काही घरांत असतो. व्यापारी विम्यातल्या व्याज आणि अनिश्चिततेबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. कायद्याने सक्तीचा थर्ड पार्टी विमा मात्र मजबुरी म्हणून घ्यायला बरेच आलिम परवानगी देतात. स्वतःच्या गाडीच्या विम्याबद्दल ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या मुफ्तींना विचारावं. आम्हाला एवढंच जाणवतं, की चुकून झालेल्या खुनाची दियत 'आकिला'ने, म्हणजे नातेवाइकांनी मिळून भरायची जी रीत फिक्हमध्ये आहे, तिच्यातही पीडिताचं घर रिकाम्या हाती राहू नये ही काळजी दिसते.

आता थोडं हिशोबाचं. शिकण्याचे पहिले दिवस मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत काढलेले बरे, तिथे शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. तरी घरच्या गाडीला ओरखडे पडतीलच. प्रत्येक ओरखड्याला दावा करू नका. पाच वर्षं दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते, आणि एका दाव्याने ती शून्यावर येते. समजा हा हप्ता ८,००० रुपये आहे आणि बंपरचा खर्च ५,०००. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात, म्हणजे कंपनीकडून मिळणार जास्तीत जास्त ४,०००. तेवढीच सूट पुढच्याच वर्षी हातची जाते, आणि पुन्हा ५० टक्क्यांवर यायला वर्षं लागतात.

आणखी एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाही. पॉलिसीबरोबर घेतला जाणारा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा फक्त नोंदणीकृत मालकासाठी असतो, तोही त्याच्याकडे वैध परवाना असेल तर. गाडी अब्बांच्या नावावर आणि चालवणारी मुलगी असेल, तर तिला त्यातलं काही मिळत नाही. तिच्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढता येते. नूतनीकरणाच्या वेळी तिचे दर विचारून घ्या.