नारायण गणेश चंदावरकर

सर नारायण गणेश चंदावरकर (२ डिसेंबर, १८५५ - १४ मे, १९२३) हे मुंबई इलाख्यातील मवाळ राजकारणी, समाजसुधारक आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे ते माजी अध्यक्ष होते.

== सुरुवातीचे जीवन ==
चंदावरकरांचा जन्म होन्नावर येथे झाला. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. ''इंदुप्रकाश'' पत्राच्या इंग्रजी विभागाचे संपादन करीत असतानाच त्यांनी १८८१ मध्ये कायद्याची पदवी मिळवली व उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.

== राजकीय कार्य ==
इंग्लंडमधील सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी भारताची बाजू तेथील मतदारांपुढे मांडण्यासाठी १८८५ मध्ये तिघांचे शिष्टमंडळ पाठवण्यात आले. मनमोहन घोष व रामस्वामी मुदलियार यांच्यासह चंदावरकर त्यात होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसची स्थापना झाली. १९०० च्या लाहोर अधिवेशनाचे अध्यक्षपद चंदावरकरांनी भूषवले. ब्रिटिश साम्राज्याच्या चौकटीत, सनदशीर मार्गाने सुधारणा मिळवाव्यात, असे त्यांचे मत होते.

== न्यायाधीशपद ==
१९०१ मध्ये उच्च न्यायालयावर नेमणूक झाल्यामुळे ते सक्रिय राजकारणातून दूर झाले. तथापि, राजकीय खटले त्यांच्यापुढे आले. देशभक्तिपर कवितांच्या प्रकाशनाबद्दल गणेश दामोदर (बाबाराव) सावरकर यांना झालेली जन्मठेप न्या. चंदावरकर व न्या. हीटन यांनी १९०९ मध्ये अपिलात कायम केली. नाशिक कट खटल्यात विनायक दामोदर सावरकरांना १९१० मध्ये जन्मठेप सुनावणाऱ्या तीन सदस्यांच्या विशेष न्यायासनावरही चंदावरकर होते. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

१९१८ मध्ये बंगालमधील स्थानबद्धांच्या प्रकरणांची छाननी करण्यासाठी नेमलेल्या समितीत न्या. बीचक्रॉफ्ट यांच्याबरोबर त्यांचा समावेश होता. या समितीने ८०६ प्रकरणे तपासली. त्यांपैकी केवळ ६ प्रकरणांत पुरावा अपुरा असल्याचे तिने नमूद केले. हे सर्वजण खुल्या खटल्याविना अटकेत होते.

== सामाजिक कार्य ==
न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या निधनानंतर प्रार्थना समाजाची धुरा चंदावरकरांकडे आली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये अस्पृश्योद्धारासाठी स्थापन केलेल्या भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे ते अध्यक्ष होते.

== उत्तरायुष्य ==
न्यायाधीशपदानंतर त्यांनी काही काळ इंदूर संस्थानाचे दिवाणपद सांभाळले. जालियनवाला बाग हत्याकांडाविषयीच्या हंटर समितीच्या अहवालाचा निषेध करण्यासाठी १९२० मध्ये मुंबईत सभा झाली, तिचे अध्यक्ष चंदावरकर होते. मात्र असहकाराच्या मार्गाने ते गेले नाहीत. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार १९२१ मध्ये अस्तित्वात आलेल्या मुंबई विधान परिषदेचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९२३ मध्ये त्यांचे निधन झाले.