जन्मठेप म्हणजे नक्की किती वर्षं?

आजच्या भागाचं हे लेखी रूप, ज्यांना लोकलच्या गोंगाटात ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी. आधीच सांगतो, मी वकील नाही. मी कोड लिहिणारा माणूस. पण कायदा वाचायला लागलो तेव्हा जाणवलं की इथेही सगळा खेळ "ही अट लागू होते की नाही" याचाच आहे.

सोपं उदाहरण घेऊ. समजा, तुमचा पंधरा हजारांचा फोन गेला. गर्दीत कुणी खिशातून काढला, तर ती चोरी, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हातातून झटक्यात हिसकावून पळाला, तर भारतीय न्याय संहितेत त्यासाठी वेगळं कलम ३०४ आहे, तिथेही तीन वर्षांपर्यंत. पण चाकू दाखवून घेतला, तर ती जबरी चोरी, दहा वर्षांपर्यंत. आणि हेच पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलं, तर तो दरोडा, थेट जन्मठेपेपर्यंत. फोन तोच, किंमत तीच. बदलली ती फक्त हिंसा किंवा तिची भीती, आणि माणसांची संख्या.

हे लेबल जेलमध्येही पाठ सोडत नाही. महाराष्ट्रात कैद्याला दोन प्रकारच्या रजा मिळतात: संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. १९५९ च्या मूळ नियमांतच जबरी चोरी आणि दरोड्याच्या कैद्यांना फर्लोच्या यादीबाहेर ठेवलं होतं. साध्या चोरीच्या कैद्यावर ही बंदी नव्हती.

आता जन्मठेप. "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं" हे आपण सिनेमात इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटतं. पण गोपाळ गोडसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं संपूर्ण आयुष्य. त्याआधी सुटका हवी असेल तर सरकारने शिक्षेत सूट द्यावी लागते.

मग चौदा आले कुठून? १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ आलं, आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७५ आहे. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते, त्यात जन्मठेप झाली तर प्रत्यक्ष चौदा वर्षं जेलमध्ये काढल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही. म्हणजे चौदा हा किमान आकडा आहे. चौदा भरले की गेट उघडतं, असं अजिबात नाही.

इथेही लेबल बघा. खुनाला फाशी होऊ शकते, म्हणून चौदाची अट लागते. सदोष मनुष्यवधालाही जन्मठेप होऊ शकते, पण फाशी नाही, म्हणून ही अट लागत नाही. दोन्हीकडे माणूस मेलेलाच असतो. फरक असतो तो हेतू आणि परिस्थिती यांबद्दल कोर्ट काय ठरवतं याचा.

चौदाच्या पुढे किती? ते राज्याचं धोरण ठरवतं. राज्यं गुन्ह्यांचे वर्ग पाडतात आणि प्रत्येक वर्गाला वेगळी वर्षं लावतात. याचा सगळ्यात मोठा धडा म्हणजे बिल्किस बानो प्रकरण.

गुन्हा २००२ मध्ये गुजरातमध्ये घडला, खटला मुंबईत चालला. २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना सामूहिक बलात्कार आणि खुनांसाठी जन्मठेप दिली. गुजरातच्या २०१४ च्या धोरणात बलात्कारासह खून करणाऱ्यांना सूट नाही. पण मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शिक्षेच्या वेळी असलेलं १९९२ चं धोरण लागू होईल आणि निर्णय गुजरातने घ्यावा. त्या जुन्या धोरणात ही बंदी नव्हती. १५ ऑगस्ट २०२२ ला अकराही जण बाहेर आले. आपल्या भाषेत सांगायचं तर सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन चाललं आणि निकाल उलटा आला.

बिल्किस बानो पुन्हा कोर्टात गेल्या. ८ जानेवारी २०२४ ला न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती भुयाँ यांच्या खंडपीठाने सूट रद्द केली. खटला आणि शिक्षा महाराष्ट्रात झाली, म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नाही, असं स्पष्ट केलं आणि सगळ्यांना दोन आठवड्यांत जेलमध्ये परतायला सांगितलं. महाराष्ट्राच्या २००८ च्या शासन निर्णयानुसार अशा गुन्ह्यात किमान २८ वर्षं मोजली जातात. गुन्हा तोच, पण एका राज्याच्या नियमाने चौदा वर्षांनंतर अर्ज करता येतो, दुसऱ्याच्या नियमाने अठ्ठावीस.

मला वैयक्तिकरीत्या सुटकेची तरतूद असावी असंच वाटतं. वीस वर्षांनी माणूस बदलू शकतो, आणि ज्याला काहीच आशा नाही तो जेलमध्ये सुधारेल कशाला? पण वर्ग कोणता आणि का, हे पीडिताच्या घरच्यांना आधी कळलं पाहिजे. टीव्हीवर हार घातलेले चेहरे बघून नाही.

म्हणून पुढच्या वेळी "आरोपीला जन्मठेप" अशी बातमी आली की तीन गोष्टी शोधा: दोषी कोणत्या कलमाखाली ठरला, शिक्षा कोणत्या राज्यात झाली, आणि त्या दिवशी तिथे कोणतं धोरण होतं. घरात कुणावर अशी वेळ आली असेल तर एफआयआरची प्रत घ्या, ती तक्रारदाराला मोफत मिळते. आणि निकालाच्या दिवशी वकिलाला विचारा की एफआयआरमधली कोणती कलमं शेवटपर्यंत टिकली. शिक्षा त्यांचीच मोजली जाते.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेतो. भेटूच!