चौफुलीवरचा सौदा

जळगावच्या अजिंठा चौफुलीवर किंवा धुळ्याच्या पारोळा चौफुलीवर सिग्नल बंद पडला, की चारही दिशांची वाहने एकदम पुढे सरकतात आणि 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' असा शेरा मारून सुशिक्षित माणूस मोकळा होतो. हे निदान अपुरे आहे. चौफुलीवरचा प्रत्येक चालक आपल्या परीने विचारच करीत असतो; समोरचा थांबेल की नाही, याचा क्षणार्धात अदमास घेऊन तो आपली चाल ठरवितो.

अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६० साली 'द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट' या ग्रंथात अशा प्रसंगांची मीमांसा केली. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. त्यांच्या विवेचनाचा एक मथितार्थ असा की, ज्याने आपला माघारीचा मार्ग स्वतःच तोडल्याचे दिसते, त्याच्यापुढे दुसऱ्यालाच माघार घ्यावी लागते. मान वळवून 'मी तुला पाहिलेच नाही' असा आव आणणारा रिक्षाचालक याहून वेगळे काय करतो? दिव्यांची उघडझाप करीत येणारा ट्रकही तेच बजावतो. सभ्य चालक थांबतो आणि थांबलेलाच राहतो; दुसऱ्या दिवशी तोही थांबेनासा होतो. पायी जाणारा वृद्ध आणि सायकलवरची विद्यार्थिनी यांच्यापाशी तर या सौद्यात मांडण्याजोगे स्वतःच्या जिवाखेरीज काहीच नसते.

नियमांचा अभाव आहे, असे नाही. मुख्य रस्त्यावरील वाहनांना आणि इतरत्र उजवीकडून येणाऱ्यांना वाट द्यावी, असे १९८९ च्या नियमावलीने स्पष्ट सांगितले होते. २०१७ साली तिची जागा नव्या नियमावलीने घेतली. परंतु नियम छापून भागत नाही. समोरचाही तो पाळील, अशी खात्री असावी लागते. ब्रिटनमधील वर्तुळाकार चौक पूर्वी वाहनांनी तुंबून जात. १९६६ साली उजवीकडच्याला, म्हणजेच आधीच वर्तुळात शिरलेल्याला, प्रथम हक्क देण्यात आला आणि कोंडी सुटू लागली. माणसे तीच होती. त्यांची परस्परांविषयीची अपेक्षा तेवढी बदलली.

म्हणून सौजन्याचे फलक लावण्यापेक्षा चौफुलीवर थांबण्याची रेषा ठळक आखावी आणि तिचे उल्लंघन करणाऱ्यास, मग तो ट्रकवाला असो वा मोटारीतला प्रतिष्ठित, सलग काही महिने न चुकता दंड करावा. थांबणे म्हणजे फसणे नव्हे, हे अनुभवाने पटले, की सौजन्य शिकवावे लागणार नाही.