गाणाऱ्यांचा लौकिक : नाटक, तबकडी, आकाशवाणी

गेल्या सव्वाशे वर्षांत मराठी मुलखात गाणाऱ्याचं नाव होण्याच्या वाटा अनेकदा बदलल्या. दरबारी आश्रय ओसरला, नाटक कंपन्या भरभराटीला आल्या, मग तबकडी आली, रेडिओ आला. या वाटांनी गेलेल्यांकडे पाहताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते. ज्यांचा लौकिक टिकला, ते आपलं गाणं कुठं, किती आणि कोणत्या अटीवर ऐकवायचं हे बहुधा स्वतः ठरवत.

नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. 1911 साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं आणि त्यांनी रंगवलेली नायिका भामिनी घराघरांत पोचली. त्यांची लुगडी नेसण्याची तऱ्हा, खोपा, दागिने पाहून बायका तशा नटू लागल्या. 1913 मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढल्यावर त्यांनी पोशाख, पडदे आणि साथीदार यांत कधी हात आखडता घेतला नाही. कर्ज वाढलं, तरी प्रेक्षकाला दुय्यम काही दाखवायचं नाही हा बाणा सुटला नाही. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर उभे राहिले आणि त्या एका रात्रीचं वर्णन पुढं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. बालगंधर्वांनी पुढं बोलपटात पाऊल टाकलं. ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त (1935) ते संत एकनाथ झाले, पण कॅमेऱ्यासमोर रंगभूमीची जादू काही उतरली नाही. वन्समोअर देणारं थिएटर हीच त्यांची खरी जागा होती.

तबकडीनं वेगळाच पेच घातला. तासभर फुलणारा राग तीन-साडेतीन मिनिटांत बसवायचा! 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जाननं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा गाणं संपताच ती आपलं नाव उच्चारायची, कारण तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तिथल्या तंत्रज्ञांना गाणारी कोण हे कळायला हवं असे. गायक अल्लादिया खाँनी मात्र आपला आवाज तबकडीवर येऊच दिला नाही.

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्याविषयी सविस्तर लिहायला हवं. गोव्यातल्या केरी गावी 1892 मध्ये जन्म, लहानपणी अब्दुल करीम खाँ, पुढं रामकृष्णबुवा वझे आणि 1921 पासून अल्लादिया खाँची कडक तालीम. केसरबाईंनी तबकड्या दिल्या, पण थोड्याच. त्यांचा दरारा बैठकीतून पसरला. ऐकायला प्रत्यक्ष जावं लागे, आणि ऐकून आलेला दुसऱ्याला सांगितल्यावाचून राहत नसे. त्या मोजक्या मुद्रणांतली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत निवडली गेली. दुसरं यान 5 सप्टेंबरला सुटलं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. प्रसिद्धीमागं न धावलेल्या बाईच्या वाट्याला हे यावं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

हिराबाई बडोदेकरांचं काम याहून अवघड होतं, असं माझं मत आहे. बाईनं तिकीट लावून जाहीर जलशात गावं, ही रीत रुळवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्यांच्यामागून येणाऱ्या गायिकांना सन्मानानं सभागृहात शिरता आलं, ते या धैर्यामुळं.

रेडिओनं नाव एकाच वेळी सगळीकडं नेलं. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, वर्षभरात 56 गीतं. मुळात ती माणिक वर्मा, ललिता फडके आदींच्या आवाजांत वाटून दिलेली होती. फडक्यांनी पुढं ती स्वतः रंगमंचावर गाऊन गावोगाव नेली, म्हणून आज बहुतेकांच्या कानात त्यांचाच आवाज आहे. बाकीच्या गळ्यांची आठवण मागं पडली, हे मला खटकतं.

भीमसेन जोशी या सगळ्या वाटांवरून चालले: मैफल, रेडिओ, तबकडी, अभंग, दूरदर्शन. पण त्यांची सर्वांत मोठी कमाई मला दुसरीच वाटते. गुरू सवाई गंधर्व 1952 मध्ये गेल्यावर पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला आणि भीमसेनांनी तो अनेक दशकं सांभाळला. स्वतःच्या नावाच्या बळावर त्यांनी नवख्यांना हजारो जाणकारांपुढं बसवलं. ‘सवाईत गायला’ एवढं कानावर पडलं, की गावोगावची संगीत मंडळं त्या नवख्याचं नाव विचारू लागत.